नावापुरती मालकीण

मोरेश्वररावांच्या घरी संत्री कधी विकत आणावी लागत नसत. फाल्गुन लागला की छिंदवाड्याकडच्या सौंसरातल्या त्यांच्या पडवीत मृग बहाराच्या फळांचा ढीग पडायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पिशवीत चार-दोन टाकली जायची. घेणारा म्हणायचा, "साखर आहे हो मोरेश्वरराव, साखर." मोरेश्वरराव हात जोडून म्हणायचे, "त्याची कृपा." त्याची म्हणजे देवाची. फुलवंतीचं नाव घ्यायची त्या घरात पद्धत नव्हती.

बाग रामाकोन्याच्या पुढं डोंगराच्या पायथ्याशी होती आणि सरकारी कागदावर ती फुलवंती इवनाती या गोंड बाईच्या मालकीची होती. सौंसरात हे कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला घेता येत नाही असा कायदा आहे, आणि कायदा आला की आपल्या लोकांना पहिली अक्कल सुचते ती त्यातून वाट काढण्याची. मग एखादी गोंड बाई पाहायची, देवळात नेऊन तिच्या कपाळाला कुंकू लावायचं, गळ्यात काळी पोत घालायची आणि जमीन तिच्या नावानं घ्यायची. जमीन आदिवासीची आदिवासीकडंच राहिली, म्हणजे कायद्याचं पोट भरलं. बाग लावायची आपण, फळ विकायचं आपण. ती बाई बागेच्या कोपऱ्यातल्या झोपडीत राहून झाडांना पाणी घालते आणि रोजानं खुरपते. अशा बाईला आमच्याकडं 'नावापुरती' म्हणतात. "त्यानं एक नावापुरती ठेवली आहे," हे वाक्य भल्या भल्या घरांत चहा पिता पिता बोललं जातं आणि कुणालाही ठसका लागत नाही.

सन चौऱ्याऐंशीच्या फाल्गुनातली ती सकाळ अशीच नेहमीसारखी उजाडली. उर्मिलाबाई, मोरेश्वररावांच्या पत्नी, चुलीपाशी पातोड्यांचं बेसन घोटत होत्या. पांढुर्ण्याच्या व्यापाऱ्याचा माणूस पेट्यांत अंथरायला धानाचं तणीस कुठं मिळेल ते विचारून गेला होता. मोरेश्वरराव चहाचा कप खाली ठेवून सहज बोलावं तसं म्हणाले, "अवं, तुह्या डब्यात एखादी जुनी काळी पोत असन तं काढून ठेवजो."

"कायले?" उर्मिलाबाईंनी मान वर न करता विचारलं.

"बागेचं काम हाय."

बेसन घोटणारा हात क्षणभर थांबला, पुन्हा फिरू लागला. दारात चप्पल घालणारी नलिनी मात्र थांबली ती थांबलीच.

नलिनी मोरेश्वररावांची धाकटी बहीण. वय पस्तिशीकडं झुकलेलं, लग्न जमलं नव्हतं. वडील लवकर गेले तेव्हा तिला शिकवलं ते मोरेश्वररावांनीच. ती हे विसरत नव्हती आणि तेही विसरू देत नव्हते. रामाकोन्याच्या वर साजटोला नावाच्या गोंड वस्तीत ती प्राथमिक शाळेची शिक्षिका होती. रोज छोट्या लाईनच्या गाडीनं रामाकोन्याला उतरायचं आणि पुढं पायी जायचं. साजटोल्याच्या लोकांनी अलीकडं जमीन हक्क समिती काढली होती. हातच्या गेलेल्या जमिनी परत मागायच्या, एवढाच तिचा उद्देश. समितीच्या बैठकीत नलिनी बोलायची. चांगलं बोलायची आणि लांबलचक बोलायची. साजाच्या झाडाखाली, जिथं गोंडांचा बडादेव असतो, तिथं बसून माणसं तिचं सगळं ऐकून घ्यायची. ती गाडी गाठायला निघाली की मग त्यांची खरी बैठक सुरू व्हायची.

भावाच्या बागेबद्दल ती त्या झाडाखाली कधी एक अक्षर बोलली नव्हती. दादा त्या बाईला सांभाळतो, खायला-ल्यायला देतो, कागदावर नाव आहे एवढंच, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, असं आपण म्हणतो. नलिनीला ते दिसायला नको होतं, हे जास्त खरं.

त्या दिवशी शाळा सुटली तेव्हा व्हरांड्यात फुलवंती बसलेली होती. बागेतून चढण चढून आल्यामुळं तिला धाप लागली होती. तिच्याशेजारी तिची भाची जयवंता भिंतीला टेकून उभी होती. ही पोर सोळाची. नलिनीनंच तिला पाटी दिली होती आणि आठवीत घरच्यांनी शाळेतून काढली तेव्हा नलिनीच तिच्या बापाशी, मंगलसीशी, भांडली होती.

"बाई, तुमचा भाऊ आता हिले नेऊन राह्यला," फुलवंती म्हणाली.

"नेतो म्हणजे?"

"माह्या छातीत बिमारी हाय. मी जास्त दिवस जगत नाई, हे डाक्टरनं त्याले सांगतलं. मले नाई सांगतलं, मी दाराआडून आयकलं. मी मेली का बाग माह्या भावाची होते, मंगलसीची. म्हून मी जित्ती हाओ तोवर मले अंगठा लावाले सांगते. बाग जयवंताच्या नावानं करून घेते, अन् मंग जयवंताले कुंकू लावते."

मोरेश्वररावांनी अठ्ठेचाळिशी ओलांडली होती. नलिनीच्या डोळ्यांसमोर सकाळचा चहाचा कप आला.

"मंगलसी काय म्हणतो?"

"तो काय म्हनन? तुमच्याच भावाचा सालदार हाय. त्याच्याच वावरात राह्यते, त्याचंच खाते. मान खाली घालून बसला हाय."

नलिनीनं मग जे विचारलं ते तिला जन्मभर पुरलं. ती म्हणाली, "पण फुलवंती, ते नावापुरतंच असतं ना?"

फुलवंतीनं जयवंताला पाणी आणायला विहिरीवर पाठवलं, आणि ती दिसेनाशी झाल्यावर म्हणाली, "बाई, तुमी शिकेल-सवरेल. तुमाले मी काय सांगू? बागेतली झोपडी माही, पन तिले कडी लावाची परवानगी मले नाई. एक डाव दिवस गेले होते. पांढुर्ण्याले एका बाईच्या खोलीत नेलं अन् खाली करून आनलं. लेकरू झालं असतं तं बाग त्या लेकराची झाली असती ना. तवापासून काईच नाई राह्यलं पोटात." ती थोडा वेळ खोकत राहिली. "बापाचं वावर होतं ते. बापाकडून घेतलं, त्याच्याच पोरीच्या नावानं लावलं, अन् त्याच पोरीले पानी घालाले ठेवलं. माहं झालं ते झालं. ह्या पोरीचं नाई होऊ देनार मी. पन मी एकली काय करू?"

नलिनीला शरम वाटली. याच बागेच्या पैशावर आपण पाटी-पेन्सिलपासून शिक्षकीच्या परीक्षेपर्यंत शिकलो, आणि याच बाईसमोर साजाच्या झाडाखाली तासतासभर हक्कांवर बोललो.

परतीच्या गाडीतून उतरून ती घरी गेली नाही, बस स्टँडवर गेली. तिथं सुखदेव उईके याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक खोका, एक पंप आणि पाण्याची परात. साजटोल्याचा हा गडी समितीचा प्रमुख. मितभाषी आणि मनातलं तोंडावर न दाखवणारा. त्यानं ट्यूब परातीत बुडवून ठेवली आणि सगळं ऐकून घेतलं.

"तहसीलदार दौऱ्यावर हाय," तो म्हणाला. "सोमवारी येते. सोमवारी आमी सारा टोला घेऊन येतो. फुलवंती अर्ज देईन, जमीन खरी कोनाच्या कब्जात हाय ते पाहा म्हनन. तोवर मोरेश्वररावाले वास नाई लागू द्याचा. वास लागला का तो त्याच्या आधी अंगठा घेऊन घेईन."

"मी तहसीलदारासमोर मांडते सगळं. कलमं, तारखा, सगळं पाठ आहे माझं."

"ते पाहू. आता फक्त चूप राहा."

"चूप राहीन," नलिनी म्हणाली. आणि ती तसं ठरवूनच घरी आली.

पण ताटावर बसल्यावर तिला राहवेना. मोरेश्वररावांनी पहिला घास घेण्याआधी चित्रावती घातल्या, नेहमीसारखं तिला विचारलं, "कावून वो, थकली काय?" आणि त्या एका प्रश्नानं तिचं अवसान गेलं. याच माणसानं तिला तापात मांडीवर घेऊन भात भरवला होता. त्याच्यावर अर्ज जायचा आणि त्याला तो बाहेरून कळायचा? घरातली गोष्ट आधी घरात सांगावी, मोठ्यांच्या कानावर घालावी, समोरच्याला सुधारायची संधी द्यावी, असेच संस्कार तिच्यावर झाले होते. आपण सांगितलं तर दादा ऐकेल, अशीही तिची मनातून खात्री होती. सभ्य माणसाची चूक ती हीच. आपल्या माणसाची भीड त्याला मोठी वाटते आणि ती भीड दुसऱ्याच्या जिवावर पाळली जाते आहे हे त्याच्या ध्यानीमनी नसतं.

"दादा," ती म्हणाली, "जयवंताचं करू नको. सोमवारी तहसीलदाराकडं अर्ज जाणार आहे. फुलवंती स्वतः जाणार आहे. त्याच्या आत तूच माघार घे, म्हणजे कुणाला बोलायला जागा राहणार नाही."

उर्मिलाबाई वाढता वाढता थबकल्या. मोरेश्वरराव रागावतील म्हणून नलिनी वाट पाहत होती. ते रागावले नाहीत. त्यांनी शांतपणे वरणात भाकरी कुस्करली.

"बरं केलं सांगतलं," ते म्हणाले. "घरातली गोष्ट घरात राह्यली पायजे. करतो इचार." आणि त्यांनी आणखी एक भाकरी मागून घेतली.

नलिनीला किती हलकं वाटलं म्हणून सांगावं. अनेक दिवसांत लागली नव्हती अशी झोप तिला त्या रात्री लागली.

सकाळी ती उठली तेव्हा अंगणात जीप नव्हती. उर्मिलाबाई न्हाणीघराच्या दारात तिची वाट पाहत उभ्या असल्यासारख्या उभ्या होत्या.

"पहाटीच गेले," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "फुलवंतीले अन् त्या पोरीले उचलून इकडेच आनून राह्यले. कचेरी उघडली का रजिस्ट्री, अन् तथून सीधं बागेतल्या मारुतीपुढं. वकिलानं सांगतलं, आधी कागद, मंग कुंकू."

नलिनी म्हणाली, "मीच सांगितलं गं वहिनी त्याला. मीच."

"हाव, तूच सांगतलं." उर्मिलाबाईंच्या आवाजात राग नव्हता, जुना थकवा होता. "पोत बी घेऊन गेले माह्या डब्यातली. लग्नात आईनं देल्ली होती. मी म्हनलं, दुसरी घ्या बजारातून. म्हने, कोन पाह्यते." पोरी उठल्या नाहीत ना, ते त्यांनी मागं वळून पाहिलं. "मी काई बोलू शकत नाई, नलू. माह्या दोन पोरी उजवाच्या हायेत. तू जा. मी सांगतलं म्हून नको सांगजो."

बस स्टँडपर्यंत नलिनी जवळजवळ पळतच गेली. सुखदेव नुकताच खोका उघडत होता. तिनं काय घडलं ते सांगितलं आणि आपण काय केलं तेही सांगितलं. त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

"तुमाले कोनं सांगतलं होतं बोलाले?"

"मला वाटलं, तो ऐकेल."

"तुमचं ऐकन असं वाटलं. आमचं तं आजपर्यंत कोनं नाई ऐकलं." तो इतकंच बोलला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. ओळखीच्या एका पोराला त्यानं सायकल देऊन साजटोल्याला पिटाळलं, पण टोला खाली उतरून येईपर्यंत दुपार होणार हे दोघांनाही कळत होतं. कचेरीकडं झपाझप चालता चालता तो म्हणाला, "बाई, एक काम करा. आमच्यासाठी बोलू नका. त्याच्यासाठी आमी हाओ. तुमच्या घरात काय होते, ते आमी सांगतलं तं कोनी खरं मानत नाई. ते तुमी सांगा. तेवढंच सांगा."

रजिस्ट्रीची कचेरी तहसीलच्या आवारातच होती. बाहेर लिंबाखाली अर्जनवीस आपापली टेबलं पुसून बसत होते. दारातल्या शिपायानं सुखदेवच्या छातीवर हात ठेवला. "नंबर लागला का बलावतो. गर्दी नको." नलिनीकडं पाहून मात्र तो बाजूला झाला. "या ना बाई. मोरेश्वरराव अंदरच हायेत." ती आत गेली. आपल्याला अडवलं नाही याचा अर्थ तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळला.

आत मोरेश्वरराव पांढऱ्याशुभ्र धोतरात खुर्चीवर बसले होते. फुलवंती त्यांच्या खुर्चीच्या पायाशी फरशीवर बसली होती आणि तोंडाला पदर लावून खोकत होती. जयवंताला नवं हिरवं लुगडं नेसवलं होतं. ते तिला इतकं मोठं होत होतं की ती दोन्ही हातांनी निऱ्या धरून उभी होती. मंगलसी भिंतीशी उकिडवा बसलेला. टेबलामागं रजिस्ट्रीवाले साहेब कागदावरून नजर फिरवत होते. जयवंताचं वय कागदात एकोणीस लिहिलं होतं. कारकुनानं शाईचं पॅड उघडून ठेवलं होतं.

"तू कायले आली?" मोरेश्वरराव हसून म्हणाले, साहेबांना ऐकू जाईल असं. "शाळा नाई काय आज?"

"बहनजी, आप?" साहेबांनी विचारलं.

रात्रंदिवस पाठ केलेली कलमं नलिनीला आठवली नाहीत. बरंच झालं. तिनं दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले.

"साहेब, हे माझे सख्खे भाऊ. मी यांच्याच घरात राहते. ही बाग कागदावर या बाईची आहे, पण फळ आमच्या घरी येतं आणि त्याचा पैसाही आमच्याच घरी येतो. मी त्याच पैशावर शिकले. दादानं देवळात हिला कुंकू लावलं, पण ही आमच्या घरात कधी आली नाही. सणाला नाही, सुतकालाही नाही. आई वारली तेव्हा बागेतून केळीची पानं आली, ही आली नाही. आज बाग या पोरीच्या नावावर करायची आहे आणि मग हिला तसंच कुंकू लावायचं आहे. ही सोळा वर्षांची आहे. मी हिला शिकवलं आहे. तिच्या गळ्यात घालायची पोत माझ्या वहिनीच्या डब्यातली आहे आणि ती आत्ता दादाच्या खिशात आहे."

मोरेश्वररावांचा हात आपसूक सदऱ्याच्या खिशाकडं गेला. साहेबांनी ते पाहिलं. कारकुनानंही पाहिलं आणि तो पॅडकडं बघत बसला.

"डोस्कं फिरलं हिचं, साहेब," मोरेश्वरराव म्हणाले. त्यांचं हसू आता ओठांवरच राहिलं होतं. "लग्न नाई झालं, टोल्यावर बैठका करत फिरते. घरचं भांडन हाय, घरी पाहू. तुमी कागद करा. विकनारी इथं बसली हाय, घेनारी इथं हाय. बहिणीचा काय संबंध? फुलवंती, चाल, अंगठा दे."

साहेब म्हणाले, "हाँ, संबंध तो बेचनेवाली का है।" नलिनीकडं त्यांनी थोडं सहानुभूतीनं पाहिलं, पण पेन हातातून खाली ठेवलं नाही. त्यांचंही चुकलं नव्हतं. नलिनीचं बोलून झालं होतं आणि कागद तसाच टेबलावर पडला होता. आता जे व्हायचं ते फुलवंतीवर होतं.

कारकुनानं फुलवंतीचा हात धरून पॅडकडं ओढला. तिनं मूठ वळली. अंगठा मुठीच्या आत घेतला आणि त्यावर चारही बोटं घट्ट आवळली.

"उघड," कारकून म्हणाला.

मोरेश्वरराव वाकले आणि तिच्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू येईल असं बोलले. "मंगलसीचं साल उद्यापासून बंद. वावरातलं घर बी खाली कराचं. त्याची लेकरं कुठी नेतं, सांग."

फुलवंतीनं भावाकडं पाहिलं. ज्याचं घर जाणार होतं तो भिंतीशी उकिडवा बसून फरशीकडं बघत होता. ज्याची पोर नेली जाणार होती तोही तोच. नलिनीच्या तोंडाशी शब्द आले, मंगलसीला काय सांगावं याचे अनेक शब्द आले. सुखदेवचं बोलणं आठवून तिनं ते गिळले.

मंगलसी उठला. आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा त्यानं मालकाच्या देखत मान वर केली. त्यानं बहिणीला गोंडीत काहीतरी सांगितलं, अगदी थोडं. साहेबांना ते कळलं नाही, मोरेश्वररावांनाही नाही. जयवंता मात्र निऱ्या सोडून बापाच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"क्या बोला ये?" साहेबांनी विचारलं.

"देऊ नको म्हने," फुलवंती म्हणाली. तिनं मूठ छातीशी धरली. "साहेब, मी नाई देत अंगठा. बापाचं वावर हाय माह्या. माह्या पोटचं लेकरू यानं राहू देलं नाई. माह्या भाचीचं आयुष्य मी याले देनार नाई. लिहा तुमी तसं."

"अपनी मर्ज़ी से मना कर रही हो?"

"हाव. मर्जीनं."

साहेबांनी कागदावर दोन ओळी खरडल्या, तो मोरेश्वररावांच्या दिशेनं सरकवला आणि पुढच्या माणसाला बोलवायला सांगितलं. बाई नाही म्हणाली तर रजिस्ट्री होत नाही, इतकी ती साधी गोष्ट होती. इतकी वर्षं तिला कुणी विचारलंच नव्हतं.

बाहेर आल्यावर मोरेश्वरराव बहिणीपाशी थांबले. त्यांचे डोळे ओले होते, आणि ते खोटे नव्हते. "बापावानी वाढोलं तुले," ते म्हणाले. "आता घरी नको येजो." ते जीपमध्ये बसून निघून गेले. नलिनी लिंबाखाली उभी राहून रडली. तिचं दुःख खरं होतं. भाऊ वाईट निघाला म्हणून माया आटत नाही.

दुपारी टोला उतरून आला. त्याच आवारात फुलवंतीनं तहसीलच्या कारकुनाकडं आपला अर्ज दिला, जमिनीची जागेवर येऊन चौकशी करा म्हणून. मग ती टोल्यावर गेली नाही, बागेतच परत गेली. "माही हाय ना? मंग मी तथीच राहीन," ती म्हणाली. मंगलसी आपलं बिऱ्हाड घेऊन तिच्याकडं आला. सौंसरात नलिनीला कुणी खोली देईना, प्रत्येकाला मोरेश्वररावांची आठवण यायची. तेव्हा फुलवंतीनंच निरोप धाडला की बाईला म्हणावं इकडं या, झोपडीत जागा आहे.

चौकशीचा दिवस येईपर्यंतचे दिवस कठीण गेले. साजटोल्याची माणसं तोडणीला गेली नाहीत आणि दुसऱ्या कुणाला जाऊ दिलं नाही. फळ झाडावरच पिकून खाली पडत होतं. पांढुर्ण्याचा व्यापारी ट्रक रिकामाच परत घेऊन गेला. एकदा रात्रीतून कुणी विहिरीच्या मोटारीची वायर कापली. एकदा सुखदेवचा खोका पालथा पडलेला सापडला. शाळेत नलिनीच्या बदलीची बोलणी सुरू झाली. फुलवंतीचा खोकला वाढत होता, आणि निकाल होईपर्यंत ही जगेल का, असं मनात येऊन नलिनीला दचकून जाग यायची. जयवंता आत्याच्या पायथ्याशी झोपायची आणि झोपडीच्या दाराला आतून कडी घालायची.

होळीनंतर तहसीलदार बागेत आले. झाडाखाली त्यांना खुर्ची मांडली. पटवारी जमिनीवर कागद पसरून बसला. एका बाजूला मोरेश्वरराव छिंदवाड्याच्या वकिलाबरोबर उभे होते, दुसऱ्या बाजूला सारा साजटोला बसला होता. तहसीलदारांनी त्या गर्दीवरून नजर फिरवली. तीत त्यांना एक चष्मेवाली, पांढऱ्या पातळातली बाई दिसली, आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला.

"मॅडम, तुम्ही सांगा," ते मोडक्या मराठीत म्हणाले. "या लोकांचा म्हणणा काय आहे?"

सगळ्या माना नलिनीकडं वळल्या. सुखदेवनंही पाहिलं. तिला सगळं पाठ होतं. ती फुलवंतीपेक्षा नीट बोलली असती, क्रमवार बोलली असती, न खोकता बोलली असती. खुर्चीवरच्या माणसाला तेच सोयीचं होतं आणि तिला तेच येत होतं.

ती उठून उभी राहिली. "साहेब, माझ्या घराचं मला सांगायचं होतं ते मी रजिस्ट्रीत सांगितलं. जमीन यांची आहे. यांना विचारा."

ती पुन्हा खाली बसली. तहसीलदारांनी किंचित कंटाळून खुर्ची फुलवंतीकडं वळवली. फुलवंतीनं पदरानं तोंड पुसलं आणि बाप दगड वेचून वेचून हे वावर कसं करत होता तिथपासून सुरुवात केली. ती अडखळत होती, मागचं पुढं सांगत होती. तिला मध्येच टोकणाऱ्या पटवाऱ्याला हातानं थांबवून तहसीलदार म्हणाले, "सावकाश. सब लिखो." बापाकडून जमीन गेली ते साल सांगताना ती चुकली. नलिनीला नेमकं साल ठाऊक होतं. वकिलाच्या चेहऱ्यावर हसू आलेलं तिनं पाहिलं, आणि आपलं तोंड मिटून घेतलं. मागून जयवंता उठून उभी राहिली, तिनं अर्जात वाचलेलं बरोबर साल सांगितलं, आणि फुलवंती पुढं बोलू लागली.